उजेड हवा, पण हवा तिथेच

(गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 गणपती बाप्पा मोरया!

परवा या जागी कीर्तन झालं, काल नाट्यगीतं झाली. आज आम्ही दिव्यांबद्दल बोलणार आहोत. उत्सवाच्या मांडवात उभं राहून उजेडाविरुद्ध बोलायचं म्हणजे जेवणाच्या पंगतीत उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे, याची आम्हाला कल्पना आहे. पण आम्ही उजेडाच्या विरुद्ध नाही. आमची तक्रार आहे ती चुकीच्या जागी पडणाऱ्या उजेडाबद्दल. हे भाषण आम्ही तिघांनी मिळून लिहिलं आहे. वाचणारा एक असला तरी बोलणं तिघांचं आणि अनुभव आपल्या सगळ्या सोसायटीचा, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ असंच येईल.

आपल्यातली बरीच घरं पूर्वी दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागात होती. कुटुंबं वाढली, वाडे आणि पोळांतली घरं अपुरी पडू लागली, तशी आपण एकेक करत शहराच्या या टोकाला आलो. मोकळी हवा, स्वस्त प्लॉट आणि जवळच विमानतळ. त्या काळी पाहुण्यांना सांगताना आपल्याला त्याचं केवढं कौतुक होतं! ‘अहो, आमच्या अगाशीवरून विमानं दिसतात.’ मुंबई-पुण्याचे भाचे सुट्टीला आले की त्यांना पहिल्यांदा अगाशीवर नेऊन विमान दाखवायचं, मग खाली येऊन सेव-उसळ खायची. अगाशी म्हणजे काय हे त्या भाच्यांना सांगावं लागायचं. पुण्याची गच्ची बडोद्यात येऊन अगाशी झाली, ती आपल्या तोंडी तशीच राहिली.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा आपण सगळे त्या अगाशीवर गाद्या टाकून झोपायचो. पाण्याचा माठ उशाशी, वर सप्तर्षी. आमच्यापैकी एकाला त्याच्या आजोबांनी ध्रुवतारा तिथेच दाखवला. आज त्याच अगाशीवर त्याच्या नातवाला तो दाखवायचा म्हटलं तर आधी डोळ्यांवर हात धरावा लागतो. चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात. आमच्या ओळीतल्या घरांना तो नेम पाळायला काहीच कष्ट पडत नाहीत, कारण चतुर्थी असो की पौर्णिमा, दिव्यांच्या झोतापुढे तिकडे बघवतच नाही. तीन वर्षांपूर्वी आपण कोजागरीचा कार्यक्रम अगाशीवरून उचलून या सभागृहात आणला, तो याच कारणामुळे. ट्यूबलाइटखाली मसाला दूध प्यायलो आणि ‘को जागर्ति’ म्हटलं. जागे तर आपण होतोच, झोप लागत नव्हती म्हणून.

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न हसण्याचा नाही. आपल्या शेवटच्या ओळीत कोपऱ्यावरच्या घरात एक आजी राहतात. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, पण आपण सगळे त्यांना ओळखतो. उत्सवाचे पहिल्या दिवशीचे एकवीस मोदक अजून त्यांच्याच हातचे असतात. त्यांची झोपायची खोली पूर्वेकडे आहे. वारा येतो तोही त्याच खिडकीतून आणि उजेड येतो तोही तिथूनच. आजींनी आधी साडी लावली, मग जाड चादर लावली. उजेड थांबला, पण वाराही थांबला. मे महिन्यात त्या आम्हाला म्हणाल्या, “बाबांनो, मला एक काय ते सांगा, उकाड्यात झोपू की उजेडात?” त्यांच्या मुलाने एसी बसवून देतो म्हणून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “शेजारच्या दिव्याचं बिल मी का भरू?” आमच्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात नेमका प्रश्न आहे. त्यांच्या भिंतीपलीकडच्या बांची, म्हणजे आपल्या गुजराती शेजारणीची, तीच तक्रार होती.

आणि ही केवळ चिडचिड नाही. रात्र झाली की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होऊ लागतं आणि ते शरीराला झोपेची वेळ कळवतं. डोळ्यांवर उजेड पडला की ते कमी होतं. उजेडात निळा भाग जितका जास्त, तितका हा परिणाम जास्त. पूर्वीचे पिवळे दिवे जाऊन पांढरेशुभ्र एलईडी आले, विजेची बचत झाली, ते चांगलंच झालं. पण थंड पांढऱ्या एलईडीत हा निळा भाग बराच असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, २०१६ मध्ये सल्ला दिला की रस्त्यांवरचे एलईडी ३००० केल्विनपेक्षा जास्त पांढरे नसावेत. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० म्हणजे उबदार पिवळसर, ६५०० म्हणजे आपण ज्याला ‘कडक पांढरा’ म्हणतो तो.

आता आमची चूक सांगतो. आजींचा प्रश्न ऐकून आम्हाला स्फुरण चढलं. आम्ही त्याच आठवड्यात एक कडक पत्र लिहिलं, बत्तीस सह्या घेतल्या आणि पाठवून दिलं. मागणी एकच: धावपट्टीचे दिवे रात्री दहानंतर बंद करावेत. उत्तर आलं नाही. आम्ही चिडलो, दुसरं पत्र पहिल्यापेक्षा कडक लिहिलं आणि ते वाचून दाखवायला आपल्यातल्या एका काकांकडे गेलो. काकांनी नोकरीची बरीच वर्षं दुसऱ्या शहरात विमानतळाच्या विद्युत विभागात काढली आहेत. त्यांनी पत्र शांतपणे ऐकलं, चष्मा काढला आणि विचारलं, “तुमच्यापैकी कोणी धावपट्टीचा दिवा पाहिलाय का?” आम्ही म्हटलं, रोज पाहतो, त्यानेच तर झोप उडते. ते म्हणाले, “तो तुम्ही पाहिलेलाच नाही. उद्या संध्याकाळी या.”

त्या संध्याकाळी काकांनी जे सांगितलं ते आपल्या सर्वांना माहीत असावं म्हणून थोडक्यात सांगतो.

धावपट्टीचे दिवे उंच खांबांवर नसतात. ते जमिनीलगत, गुडघ्याच्याही खाली असतात. दोन्ही कडांना साधारण ६० मीटरपर्यंतच्या अंतराने पांढऱ्या दिव्यांची ओळ असते. शेवटच्या ६०० मीटरमध्ये ते पिवळे दिसतात, म्हणजे वैमानिकाला कळतं की पट्टी संपत आली. सुरुवातीची ओळ हिरवी, शेवटची लाल. विमान पट्टीवरून इमारतीकडे जातं त्या वाटेच्या कडेला निळे दिवे. पट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक रांग असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘पापी’ म्हणतात, पण काम मोठं पुण्याचं करते. चारही पांढरे दिसले तर विमान फार उंच आहे, चारही लाल दिसले तर धोकादायक खाली आहे, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर वाटेवर. सर्वसाधारणपणे तीन अंशांच्या उतारावरून विमान खाली येतं, तो उतार वैमानिकाला या चार दिव्यांवरून कळतो.

या सगळ्यांत घरांना त्रास होण्याची शक्यता दोन प्रकारांत असते. पहिला प्रकार म्हणजे पट्टीच्या अलीकडे, विमान उतरायच्या वाटेवर खांबांवर लावलेले दिवे. साध्या रचनेत ही रांग ४२० मीटर लांब असते, मोठ्या रचनेत ९०० मीटर. येणाऱ्या विमानाकडे त्यांचं तोंड असतं, त्यामुळे पट्टीच्या टोकापलीकडे राहणाऱ्यांच्याही ते समोर येतात. मोठ्या रचनेतल्या एका दिव्याची मुख्य झोतातली ताकद २०,००० कँडेला धरलेली असते. एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड. झोत थोडा वर रोखलेला असतो म्हणून घरांना पूर्ण मार बसत नाही, पण कडेचा उजेड मिळतोच. दुसरा प्रकार म्हणजे विमानतळाची खूण सांगणारा, पांढरा आणि हिरवा आलटून पालटून चमकणारा दिवा. त्याचा उजेड सगळ्या दिशांना लागतो.

आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट. हे तेजस्वी दिवे कायम पूर्ण ताकदीने लावायचे नसतात. टॉवरमधून त्यांची ताकद कमी-जास्त करता येते. बहुतेक ठिकाणी पाच पायऱ्या असतात: १००, ३०, १०, ३ आणि १ टक्का. दाट धुकं असेल तर वरची पायरी, स्वच्छ काळोखी रात्र असेल तर खालची. स्वच्छ रात्री दिवे पूर्ण ताकदीवर असले तर आपल्याइतकाच वैमानिकालाही त्रास होतो, त्याचे डोळे दिपतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगाटात ती कमाई जाते.

काका म्हणाले, “तुम्ही ‘बंद करा’ लिहिलंत. रात्री एखाद्या रुग्णाला घेऊन विमान आलं, किंवा दुसरीकडचं धुक्यामुळे इकडे वळवलं, तर ते काय पेट्रोमॅक्सवर उतरवायचं? ‘बंद करा’ या मागणीला एकच उत्तर असतं, ते म्हणजे उत्तर न देणं. ‘स्वच्छ रात्री खालच्या पायरीवर ठेवा’ असं लिहिलं असतंत तर निदान कुणीतरी बसून वाचलं असतं.”

मग त्यांनी आम्हाला अभ्यास दिला. पंधरा दिवस, ज्या घरांची तक्रार आहे त्या प्रत्येक घरात, माणूस जिथे झोपतो तिथे उशीवर डोकं ठेवून पाहायचं. उजेड कुठल्या दिशेने येतो, रंग कोणता, स्थिर आहे की चमकतो, किती वाजता लागतो, किती वाजता जातो, त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं की धुकट, सगळं वहीत लिहायचं. काकांनी लक्स मोजायचं यंत्रही दिलं. प्रकाशाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने उपनगरी वस्तीसाठी सुचवलेली मर्यादा अशी आहे: घराच्या खिडकीवर पडणारा बाहेरचा उजेड संध्याकाळी १० लक्सपर्यंत आणि रात्री उशिरा २ लक्सपर्यंत. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड अर्ध्या लक्सचाही नसतो, यावरून अंदाज करा.

पंधरा दिवसांनी वह्या समोर ठेवल्या तेव्हा आमची मान खाली गेली. आजींच्या खिडकीवर आकडा दोनाच्या बराच वर होता. पण तो उजेड धावपट्टीचा नव्हताच! तो विमानतळाच्या आवाराबाहेर, माल ठेवण्याच्या एका खासगी जागेतल्या उंच खांबांवरच्या झोताच्या दिव्यांचा होता. ते दिवे जमिनीकडे बघायच्या ऐवजी समोर, म्हणजे आपल्या ओळीकडे तोंड करून उभे होते. त्या जागेचं नाव इथे घेत नाही, कारण भांडण उकरून काढायचं नाही.

दुसरी नोंद अधिक लाजिरवाणी होती. मधल्या गल्लीतल्या तीन घरांना त्रास होता तो आपल्याच सोसायटीच्या फाटकावरच्या दिव्याचा. साडेसहा हजार केल्विनचा हा दिवा आपणच सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजवून मंजूर केला होता.

आणि तिसरी नोंद खरोखर विमान उतरण्याच्या दिव्यांची होती. ओळीच्या टोकाच्या फक्त चार घरांना ते समोरून दिसत होते. म्हणजे ज्या दिव्यांविरुद्ध बत्तीस सह्या केल्या, त्यांचा त्रास चार घरांना होता. त्या चार घरांचा त्रास खोटा नव्हता. पण बाकीच्या अठ्ठावीस सह्यांच्या गर्दीत त्यांची खरी तक्रार हरवून गेली होती.

मग आम्ही नवीन पत्रं लिहिली, एका दिव्यासाठी एक पत्र. माल ठेवणाऱ्या जागेच्या व्यवस्थापकांना लिहिलं की आपले दिवे चालू राहू द्या, चोरी-चपाटीची काळजी आम्हालाही कळते. फक्त दिव्याची काच जमिनीला समांतर करा, घरांच्या बाजूने पत्र्याची आड लावा, आणि रात्री अकरानंतर ज्या कोपऱ्यात काम नसतं तिथले दिवे हालचाल झाली तरच लागतील असे करा. समोर फेकलेला उजेड तुमच्या मालावर पडतच नाही, त्याचं बिल मात्र तुम्ही भरता. हे वाक्य आजींच्या तोंडचं, थोडं फिरवून घेतलेलं.

या पत्राची एक प्रत आम्ही विमानतळाच्या कार्यालयाला दिली. कारण काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. विमानतळाजवळ कुणीही असा दिवा लावू नये की ज्याने वैमानिकाचे डोळे दिपतील किंवा धावपट्टी समजून त्याची फसगत होईल, असा नियम आंतरराष्ट्रीय पातळीवरही आहे आणि आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांपासून आहे. असे दिवे विझवायला, झाकायला किंवा बदलायला सांगता येतं. आम्हाला एकदम उमगलं की ज्याला आम्ही विरोधक समजत होतो तो विमानतळ त्याच दिव्यांचा दुसरा शेजारी आहे. शिवाय मोठ्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे पक्षी आणि वटवाघळं येतात, आणि विमानाला पक्ष्यांचं भय असतं. म्हणजे आजींची झोप आणि विमानाची सुरक्षितता एकमेकींच्या आड येत नाहीत. दोघींचीही मागणी एकच आहे: उजेड खाली बघणारा असावा.

निकाल काय लागला? खरं तेच सांगतो. पत्रानंतर चार महिन्यांनी त्या जागेतल्या सहा खांबांपैकी चार खांबांवरचे दिवे खाली वळले. पत्राने वळले की कार्यालयाच्या सांगण्याने की नवीन ठेकेदारामुळे, ते आम्हाला कळलेलं नाही. दोन खांब अजून तसेच आहेत. आजींच्या खिडकीवरची चादर मात्र निघाली. फाटकावरचा आपला दिवा आपण बदलला, त्याला टोपी बसवली, खर्च सोसायटीच्या एका जेवणाइतकाही आला नाही. चार घरांच्या उतरण्याच्या दिव्यांचं काम अजून झालेलं नाही. स्वच्छ रात्री दिवे खालच्या पायरीवर ठेवावेत, आणि वैमानिकाच्या दृष्टीला बाधा येणार नसेल तर घरांच्या बाजूने आड लावता येईल का ते तपासावं, अशी आमची विनंती आहे. या वेळी पत्र दाखल होऊन पोच मिळाली आहे. धुक्याच्या पहाटे ते पूर्ण ताकदीने लागणारच. त्या पहाटे ते कुणालातरी सुखरूप घरी आणत असतात, तेवढं आपण सोसायचं आहे. त्या चार घरांनी वह्या लिहिणं सोडू नये, ही त्यांना आमची सर्वांसमक्ष विनंती. तक्रारीला बळ सह्यांच्या संख्येने येतं असं आम्हाला वाटत होतं. खरं बळ तारीख, वेळ आणि दिशा यांच्या नोंदीने येतं.

कायद्याचं म्हणाल तर तो अजून आपल्या मागे आहे. आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची बंधनं आपल्या मांडवालाही लागू होतात. हवेच्या प्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्यात १९८७ साली आवाजाची भर घातली गेली. उजेडाचा मात्र त्यात समावेश नाही. पण वारं बदलतं आहे. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोखं आभाळ राखणारं उद्यान, म्हणून जाहीर झाला. आसपासच्या गावांतले दिवे तिथे खाली वळवले गेले. वाघासाठी जे जमलं ते आजींसाठीही जमावं.

आता घरच्या घरी करता येण्यासारख्या काही गोष्टी.

पहिली, पलंग फिरवून बघा. खर्च शून्य. उजेड डोळ्यांवर न येता पायांवर आला तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरी, जाड पडद्याआधी वाळ्याचा पडदा किंवा बांबूची चिक लावा. उजेड अडतो, वारा अडत नाही. उन्हाळ्यात वाळ्यावर पाणी मारलं की गारवा आणि सुगंध वरकड मिळतो.

तिसरी, कुंपणावर जाळी करून मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा. उंच झाडं लावताना, मजला चढवताना, अगदी पाण्याची टाकी किंवा खांब उभारतानाही लक्षात ठेवा, विमानतळाभोवती उंचीवर मर्यादा आहेत. त्याचे २०१५ चे नियम आहेत, रंगवार नकाशे आहेत, आणि गरजेप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. उजेड अडवायला म्हणून भिंत उंच करायची आणि स्वतःच नोटीस ओढवून घ्यायची, असं करू नका.

चौथी, आपल्या दाराचा दिवा बघा. तो खाली बघतो का? त्याचा आकडा ३००० पर्यंत आहे का? रात्री अकरानंतर त्याची खरंच गरज आहे का? आपल्या दिव्याचा उजेड जिथवर जातो तिथवर आपली जबाबदारी जाते.

आणि आता शेवटचा मुद्दा, जो सांगताना आम्हाला थोडी भीती वाटते, कारण तरुण मंडळी मागे उभी आहेत.

गेल्या वर्षीच्या आपल्या विसर्जन मिरवणुकीत दोन ट्रकांवर आभाळात फिरणारे झोत होते आणि एक हिरवा लेझर होता. त्या वेळी आम्ही तिघंही ट्रकच्या पुढे नाचत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण बोट दाखवताना आधी स्वतःकडे वळवावं. माल ठेवणाऱ्या जागेला दिवे खाली वळवा म्हणून पत्र लिहिणाऱ्या आपण, विमानतळापासून इतक्या जवळ, झोत थेट आभाळात सोडत होतो. विमान उतरत असताना असा झोत वैमानिकाच्या डोळ्यांवर आला तर शेवटच्या, सर्वात नाजूक क्षणी त्याला काही दिसेनासं होऊ शकतं. म्हणूनच विमान उतरण्याच्या वाटांभोवती लेझरमुक्त क्षेत्रं ठरवलेली असतात. अलीकडच्या वर्षांत पुण्यासह महाराष्ट्रातल्या काही शहरांत गणेशोत्सवातल्या लेझर झोतांवर पोलिसांना बंदी घालावी लागली, त्यामागे मिरवणुकीतल्या लोकांच्या डोळ्यांना झालेल्या इजांच्या तक्रारीही होत्या. आपल्याकडे उत्तरायणात पतंगाच्या दोरीला लावून सोडलेल्या तुकलांनाही हाच विचार लागू आहे.

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बरीच गरमागरमी झाली. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “दिवे नकोत, डीजे नको, मग मिरवणुकीत उरतं काय?” त्याचं चुकत नव्हतं. आपण ‘नको’ एवढंच सांगतो आणि त्याच्या जागी काही देत नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेली अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “लेझर नको, तर लेझीम घ्या की!” सगळे आधी हसले आणि मग गप्प झाले. गेले दीड महिने रोज संध्याकाळी खालच्या पटांगणात जो खणखणाट ऐकू येतो आहे तो त्याचाच. तो प्रश्न विचारणारा कार्यकर्ता आता पहिल्या रांगेत आहे.

तर या वर्षी आपल्या मंडळाने ठरवलं आहे ते असं: आभाळात जाणारा एकही झोत नाही, लेझर नाही. मांडवाचे दिवे उबदार रंगाचे, खाली बघणारे, आणि आरती-प्रसादानंतर रात्री अकरा वाजता बंद. बाप्पापुढची समई मात्र रात्रभर तेवत राहील. तिच्या उजेडाने आजवर कुणाची झोप मोडल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक आमंत्रण देऊन संपवतो. यंदाची कोजागरी पुन्हा अगाशीवर आहे. अजून दोन खांब जागे आहेत, त्यामुळे पूर्वेच्या कठड्याला वाळ्याचे पडदे बांधणार आहोत. आपापल्या घरचे दिवे त्या रात्री एक तास बंद ठेवायचे आहेत. दूध आटवण्याची जबाबदारी आजींनी मागून घेतली आहे, शेजारच्या बा त्यांना मदत करणार आहेत. त्या रात्री एकच उजेड असू द्या, चंद्राचा. त्याचं बिल कुणालाच येत नाही.



गणपती बाप्पा मोरया!